वेरूळचे भोसले आणि तंजावरची भिंत : व्यंकोजीराजांचा माग

१/ गेल्या काही वर्षांत आमच्या बिडकीनमध्ये 'वंशावळ' हा शब्द जितका ऐकला, तितका त्याआधीच्या साऱ्या आयुष्यात ऐकला नसेन. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, तेव्हा मोबदल्याच्या कागदांना वारसांची वंशावळ लागे. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी, मोडी अडखळत वाचणारा. तरीही ओसरीवर कागद घेऊन माणसे येऊ लागली.

२/ त्या कागदांवरून एक गोष्ट ध्यानात आली. घरात सारे सुरळीत असते तेव्हा वंशावळ कोणी लिहीत नाही. हक्काला हरकत निघाली, वाटणी अडली, कचेरीने पुरावा मागितला, की मगच खापरपणजोबांचे नाव आठवू लागते. म्हणून आता कोणतीही वंशावळ हाती आली की मी आधी विचारतो, ही लिहिण्याची वेळ कोणावर आणि का आली?

आज याच प्रश्नाने एक वंशावळ वाचू. ती दगडावर कोरलेली आहे. घराणे आपल्या वेरूळचे, भाषा मराठी, आणि भिंत मात्र इथून हजारांहून अधिक किलोमीटर दूर, कावेरीकाठी.

३/ तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधले, इ. स. १०१० च्या सुमारास ते पूर्ण झाले. मंदिराच्या दगडांवर चोळांचे तमिळ लेख आहेत. देवस्थानाला दिलेली गावे, दागिने, दिवे, इतकेच काय, सेवेतल्या चारशे नर्तकींची नावेसुद्धा त्यांत आहेत. त्याच आवाराच्या भिंतीवर, राजराजानंतर जवळजवळ आठशे वर्षांनी, देवनागरी लिपीत एक प्रदीर्घ मराठी लेख कोरला गेला. शके १७२५, म्हणजे इ. स. १८०३. कोरवून घेणारे तंजावरचे दुसरे सरफोजीराजे, मजकूर रचणारे त्यांचे चिटणीस बाबूराव. विषय, भोसले घराण्याचा इतिहास. 'भोसले वंश चरित्र' या नावाने हा शिलालेख ओळखला जातो आणि जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

४/ या कथेतला जो पुरुष कावेरीकाठी जाऊन वसला, ते व्यंकोजीराजे. तंजावरला त्यांना एकोजी म्हणतात. मराठी वाचकाला ते माहीत असतात ते एका वाक्यापुरते : शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू, जे स्वराज्यात आले नाहीत. शाळेत मीही एवढेच शिकलो. पण ज्याच्या वंशाने परक्या मुलखात जवळपास १८० वर्षे राज्य केले, त्या माणसाची ओळख एवढीच असावी, हे काही पटत नाही.

५/ आधी वेरूळ. बिडकीनहून सकाळी निघाले तर लेणी, घृष्णेश्वर आणि मालोजीराजांची गढी पाहून संध्याकाळी परत येता येते. बहुतेकांचा दिवस लेण्यांतच संपतो, गढीपाशी क्वचित कोणी थांबते. मालोजीराजे भोसले वेरूळचे पाटील आणि निजामशाहीचे सरदार. घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव जोडलेले आहे. (आज दिसणारे मंदिर अठराव्या शतकातल्या होळकरांच्या काळचे.) त्यांचे पुत्र शहाजी आणि शरीफजी. ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवली, अशी परंपरा आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत दोघे भाऊ मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी कामी आले.

६/ शहाजीराजे दक्षिणेत गेले ते हौसेने नव्हे. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्या दुहेरी रेट्यापुढे निजामशाही बुडाली. माहुलीला शहाजीराजांना शस्त्र ठेवावे लागले आणि आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली. मूळ मुलखापासून दूर त्यांची रवानगी कर्नाटकात झाली. रणदुल्लाखानाच्या मोहिमेत १६३८ मध्ये बंगळूर केंपेगौडांकडून घेतले गेले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. तिथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त येते. वि. का. राजवाड्यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. अनेक भाषांतले कवी त्या दरबारात हजेरी लावून गेलेले दिसतात.

७/ घर इथून दुभंगते. जिजाबाई आणि शिवाजी पुण्याच्या जहागिरीत. तुकाबाई मोहिते आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी बंगळुरात, वडिलांपाशी. शिवाजी महाराजांची घडण सह्याद्रीत होत असताना व्यंकोजीराजे कन्नड-तेलुगू मुलखात, विजापूरच्या सरदाराचा मुलगा म्हणून वाढत होते. वेरूळ हे त्यांच्या दृष्टीने बहुधा वडिलांच्या बोलण्यातले गाव असावे. जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला आणि कर्नाटकातली जहागीर व्यंकोजीराजांच्या हाती राहिली.

८/ आता तंजावर. तिथे नायकांचे राज्य होते. १६७३ मध्ये मदुरैच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरवर हल्ला केला. त्यात तंजावरचा विजयराघव नायक मारला गेला आणि चोक्कनाथाने आपला दूधभाऊ अळगिरी याला कारभारावर बसवले. मृत राजाच्या घराण्यातला चेंगमलदास नावाचा मुलगा मात्र वाचला होता. त्याच्या पाठीराख्यांनी विजापूरकडे मदत मागितली. विजापूरने फौज धाडली, तिचे प्रमुख व्यंकोजीराजे. अळगिरी हरला आणि मुलगा गादीवर बसला. थोड्याच काळात गादी व्यंकोजीराजांकडे आली. साल साधारण १६७५-७६.

९/ तंजावरच्या परंपरेत इथे स्वप्नदृष्टांताची कथा येते : देवाने सांगितले, परत जाऊ नकोस, इथेच राहा. कथा सुंदर आहे. तरी ज्याला बसवण्यासाठी गेले त्यालाच उठवले, ही वस्तुस्थिती तिच्याने झाकली जात नाही. घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी लिहिताना अशा जागी हात आखडतो. पण आपल्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून त्याला वेगळा काटा लावता येत नाही. त्या काळी दख्खनेतले सरदार असेच वागत, हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे.

१०/ नव्या राजाने पुढे काय केले? याचे उत्तर एका अनपेक्षित साक्षीदाराकडून मिळते. मदुरैच्या ख्रिस्ती मिशनमधले जेझुइट पाद्री आंद्रे फ्रेरे यांनी १६७६ मध्ये आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या पत्रात तंजावरची हकीकत आहे. नव्या राजाने कालवे आणि तलाव दुरुस्त केले, वर्षानुवर्षे पडीक राहिलेली शेते लागवडीला आली आणि यंदाचे पीक अपेक्षेपेक्षा अधिक आले, असा त्यांच्या पत्राचा आशय आहे.

मला ही साक्ष सगळ्यांत मोलाची वाटते. पाद्र्याला भोसल्यांची थोरवी गायची नव्हती आणि त्यांच्या वतनाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. शिवाय कावेरीचा त्रिभुज प्रदेश कालव्यांवर जगतो. कालवे बुजले की भात नाही, भात नाही तर महसूल नाही. लूट करून परतायचे असते तो कालव्यातला गाळ काढत बसत नाही. हा माणूस राहायला आला होता.

११/ आणि नेमके वर्षभरात थोरले बंधू दारात उभे राहिले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले. भागानगरला कुतुबशहाशी करार, मग जिंजी, मग शेरखान लोदीचा पराभव, आणि जुलै १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडीला मुक्काम. तिथे व्यंकोजीराजे भेटीला आले. मागणी सरळ होती : वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा.

या मागणीमागे एक तिसरा माणूसही होता. शहाजीराजांचे जुने कारभारी नारो त्रिमल हणमंते यांचे पुत्र रघुनाथपंत. ते आधी व्यंकोजीराजांकडे होते. बेबनाव झाला आणि ते महाराजांकडे गेले. घरातली कागदपत्रे ठाऊक असलेला कारभारी दुसऱ्या भावाकडे गेला की काय होते, ते वाटण्यांचे खटले पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

१२/ बोलणी काही दिवस चालली. एका रात्री व्यंकोजीराजे छावणीतून निघाले आणि नदी ओलांडून तंजावरला गेले. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रांस्वा मार्तँ त्याच वर्षांत रोजनिशी लिहीत होता. त्याच्या वृत्तांतात ते कट्टुमरमवरून, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावरून, पार झाले असे येते.

सभासदाच्या बखरीतही ही भेट आहे. थोरल्याचे औदार्य, धाकट्याचे भय, असा तिचा रोख. सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या आज्ञेने, १६९० च्या दशकात, जिंजीत. तंजावरापासून फार दूर नव्हे, तरी लेखणी थोरल्या पातीची. तिच्यातला प्रसंग मी नाकारत नाही. मात्र व्यंकोजीराजांच्या मनात काय होते, हे त्यांच्या प्रतिपक्षाच्या बखरीतून ठरवणे म्हणजे एका भावाचा जबाब घेऊन निकाल देणे.

१३/ शिवाजी महाराजांचे व्यंकोजीराजांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे आणि ते प्रत्येकाने मुळातून वाचावे. त्यातला सूर चक्रवर्तीचा कमी, वाट्यासाठी अडलेल्या थोरल्या भावाचा अधिक. वडील जाऊन तेरा वर्षे झाली, तेरा वर्षे सारी मिळकत तुम्ही एकट्याने भोगली, आता आमचा वाटा द्या, असा त्याचा आशय. रायगडाचा छत्रपती आणि तंजावरचा राजा इथे भाऊबंदकीच्या भाषेत बोलत आहेत. आमच्या ओसरीवर येणाऱ्या कागदांची भाषा याहून फार निराळी नसते.

व्यंकोजीराजांची बाजू काय असेल? वडिलांची जहागीर विजापूरची देणगी, तीवर चाकरी आम्ही केली, आणि तंजावर तर वडिलांचे नव्हतेच, ते आम्ही मिळवले. हा युक्तिवाद मी त्यांच्या तोंडी घालतो आहे, हे मान्य. पण वारसा आणि स्वकष्टार्जित यांतला भेद त्या काळच्या वतनदारालाही चांगला कळत होता.

१४/ प्रकरण हातघाईवर आले. नोव्हेंबर १६७७ मध्ये वालिकंडपुरमजवळ व्यंकोजीराजांची फौज महाराजांच्या सैन्यावर चालून गेली. समोर सेनापती होते संताजी भोसले, म्हणजे शहाजीराजांचेच आणखी एक पुत्र. तीन भावांचे हे भांडण. व्यंकोजीराजांचा पराभव झाला.

मग तडजोड. बखरींत तिचे श्रेय जाते व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाईंकडे. त्यांनी पतीला समजावले आणि रघुनाथपंतांना मध्ये घालून बोलणे जुळवले. तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिले. बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. जो मुलूख भावाला दिला असता तर हार-जीत ठरली असती, तो भावजयीला दिल्यावर आहेर झाला. ही युक्ती ज्याला कोणाला सुचली असेल, त्याला मराठी घरे आतून ठाऊक होती.

१५/ यानंतरचे महाराजांचे आणखी एक पत्र आहे. व्यंकोजीराजे खिन्न झाले, कारभारात लक्ष घालीनात, वैराग्याची भाषा बोलू लागले, हे ऐकून थोरल्या भावाने लिहिलेले. उठा, कामाला लागा, पराक्रमाचे दिवस आहेत, असा धीर त्यात आहे. थोड्याच काळात, एप्रिल १६८० मध्ये, महाराज गेले. दोघा भावांच्या गोष्टीतले मला हे सर्वांत जवळचे पान वाटते, आणि ते सर्वांत कमी सांगितले जाते.

१६/ व्यंकोजीराजांनी स्वतःविषयी काय लिहून ठेवले? त्यांच्या नावावर एक ग्रंथ सांगितला जातो, द्विपद छंदातले रामायण, आणि तेही तेलुगूत. नायकांच्या दरबाराची वाङ्मयीन भाषा तेलुगू होती. नव्या राजाने ती बदलली नाही. दीपाबाई तिथे दीपांबा झाल्या. आडनाव तेवढे भोसले राहिले.

१७/ १६८४ मध्ये थोरले चिरंजीव शहाजी गादीवर आले. त्यांच्यामागून सरफोजी आणि तुकोजी हे भाऊ. शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम झाले. त्यांनी तेलुगूत लिहिले आणि मराठीतही. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचे. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजतो. तंजावर त्याच्या दीडशे वर्षे आधीचे आहे.

(सांबाराचा शोध तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात लागला, ही गोष्ट दर आठवड्याला कोणीतरी मला पाठवते. तिला समकालीन आधार नाही. कृपया आता पाठवू नये.)

१८/ राजघराण्यामागून इतरही आले : शिलेदार, कारकून, मठकरी, कीर्तनकार. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांच्या मराठी कीर्तनाचा संस्कार घेऊन तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला घाट दिला. याच समाजातले टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले, त्रावणकोरचे दिवाण झाले आणि पुढे इंदूर व बडोदा या मराठी संस्थानांचेही.

१९/ आता पुन्हा भिंतीकडे. १८०३ मध्येच हा लेख का कोरला गेला?

१७८७ मध्ये तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी भोसल्यांच्याच भाऊबंदांतला दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तोच सरफोजी. राजांच्या मृत्यूनंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. पंडितांचा अभिप्राय मागवण्यात आला आणि त्यांनी दत्तक अशास्त्र ठरवले. मुलगा त्याच्या जन्मदात्या बापाचा एकुलता एक होता, हे त्यातले एक कारण. अमरसिंह राजे झाले. सरफोजींचा कैवार घेतला तो श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. जिवाच्या भयाने मुलाला मद्रासला हलवावे लागले. प्रकरण कंपनी सरकारपुढे गेले, पुन्हा पंडितांचे अभिप्राय आले, या वेळी अनुकूल. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कंपनीने सारा राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरले किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

२०/ चार वर्षांनी तो लेख कोरला गेला. ज्याचे भोसलेपण भर दरबारात तपासले गेले, एकदा नाकारले गेले आणि परक्यांच्या मोहोरेने परत मिळाले, त्या राजाने आपल्या घराण्याची सारी पिढीजात हकीकत तंजावरातल्या सर्वांत मोठ्या मंदिराच्या दगडावर चढवली. सरफोजी विद्वान होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला आज आहे ते वैभव त्यांनी दिले, त्यांना इतिहासाची खरी गोडी होती. तरी त्या लेखाला मी आधी प्रतिज्ञापत्र म्हणतो, मग इतिहास. आरंभीच्या पिढ्यांविषयीचा त्यातला मजकूर अभ्यासक जपून वापरतात, आणि तसाच वापरावा. सरफोजींच्या मनाचा पुरावा म्हणून मात्र त्यातली एक ओळही टाकाऊ नाही. व्यंकोजीराजांना त्या भिंतीवर जागा मिळाली ती या वारसाला भक्कम मूळपुरुष हवा होता म्हणून.

२१/ दगडाचाही शेवटी उपयोग झाला नाही. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. मुली होत्या, पुत्र नव्हता. कंपनीने राज्य खालसा केले, खासगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला आणि तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये निकाल आला : ही जप्ती राज्यसत्तेचे कृत्य आहे, तिची चौकशी न्यायालयाच्या अधिकारात नाही. भारतातले कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. त्यातली राणी वेरूळच्या पाटलांची सून होती, हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल?

२२/ परवा शेजारच्या आजी एक मोडी कागद घेऊन आल्या. नातवाच्या प्रमाणपत्रासाठी वंशावळ जुळवायची होती. सहा नावे लागली, सातव्याशी कागद संपला. आजींनी विचारले, "बाळा, यात माझ्या सासूबाईंचं नाव का नाही? सगळं शेत तर त्यांनीच राखलं होतं." मी म्हटले, कागद बापाकडून मुलाकडे जातो. त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि सासूबाईंचे नाव मला वेगळ्या कागदावर लिहून घ्यायला लावले.